थिंबल जळतं, निपल सडतं: पंपाच्या जोडणीत करंटला जागा द्या

मोटार तीच, केबल तीच, स्टार्टरही बरा. तरी दर उन्हाळ्यात त्याच एका फेजचं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) जळतं. शेजारच्या शेतात बोअरमधला पाईप ठणठणीत असतो, पण पंपाच्या डोक्यावरच्या निपलाचे (पंपाला पाईप जोडणाऱ्या छोट्या आटेदार नळीचे) आटे गळतात आणि पंप थेट तळाला जातो. दोन्हीकडे अँपिअर मोजले जातात, ते बरोबर निघतात आणि 'व्होल्टेजचा घोळ' म्हणून विषय मिटतो. मोजणी अर्धीच झालेली असते. करंट किती आहे याइतकंच तो किती जागेतून जातोय, हेही बघावं लागतं. यालाच करंटची घनता म्हणायचं. जागा कमी पडली की हवेतला जोड तापून जळतो आणि पाण्यातला किंवा मातीतला धातू झिजून सडतो.

खालचा क्रम ३ ते १० एचपीच्या थ्री फेज सबमर्सिबलसाठी आहे. सोलर पंपाचं थोडं वेगळं आहे, ते शेवटच्या भागात आलंय. स्टार्टर उघडण्याची कामं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण तो काय करतोय आणि काय टाळतोय, हे मालकाला कळायला हवं.

## दोन हिशेब

हवेतला. ५ एचपीची सबमर्सिबल साधारण १० अँपिअर घेते (खरा आकडा नेमप्लेटवर). ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमध्ये म्हणजे दर चौरस मिमीला २.५ अँपिअर. निवांत. आता किटकॅटमधली (चिनी मातीच्या फ्यूज डब्यातली) १५ अँपिअरची फ्यूज तार बघा: जाडी ०.५ मिमी, क्षेत्रफळ जेमतेम ०.२ चौरस मिमी. पूर्ण १५ अँपिअरला तिथे दर चौरस मिमीला ७५ अँपिअरची गर्दी होते. तार वितळावी म्हणून जागा मुद्दाम कमी ठेवलेली असते.

ढिल्या स्क्रूखाली हेच होतं, फक्त कुणी ठरवलेलं नसतं. दोन धातू वरवर पूर्ण टेकलेले दिसले तरी खरे टेकतात ते उंचवट्यांच्या टोकांवर. अशी टोकं मिळून ०.१ चौरस मिमीच उरली, तर १० अँपिअरची घनता १०० वर जाते. आजूबाजूचा जाड धातू उष्णता ओढून घेतो म्हणून जोड लगेच वितळत नाही. पण रोज तापतो, रोज निवतो, दर वेळी थोडा ढिला होतो, आणि ढिल्या जागेवर गंजाचा पापुद्रा चढतो.

पाण्यातला. लोखंडातून १ अँपिअर डीसी करंट सतत बाहेर पडून पाण्यात किंवा मातीत शिरत राहिला, तर वर्षाला सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं. आपल्याकडे गळती मिलिअँपिअरची असते. १० मिलिअँपिअर एक चौरस मीटर पृष्ठभागावर पसरले, तर ४ मिमी जाडीचा पाईप तीनशेहून जास्त वर्षं पुरेल. तेच १० मिलिअँपिअर रंग उडालेल्या एक चौरस सेंटिमीटरमधून निघाले, तर हिशेबाने तेरा दिवसांत आरपार भोक. करंटमध्ये काडीचाही फरक नाही.

## १. तयारी

सामान आधी गोळा करा. जोड उघडून ठेवून तालुक्याला थिंबल आणायला गेलात, तर परत येईपर्यंत घासलेल्या ॲल्युमिनियमवर पुन्हा पापुद्रा बसलेला असतो.

- क्लॅम्प मीटर, आणि कॅट-३, ६०० व्होल्ट असं छापलेलं मल्टिमीटर
- ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र (विकत नको, भाड्याने मिळतो)
- षटकोनी दाब देणारं क्रिंपिंग टूल आणि केबलच्या मापाचा डाय (दाबायचा साचा)
- तांब्याच्या वायरीसाठी कथिल चढवलेली तांब्याची थिंबलं. ॲल्युमिनियमसाठी बायमेटल (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) थिंबलं
- ॲल्युमिनियमच्या जोडासाठीची ग्रीस, तारेचा छोटा ब्रश
- सपाट वॉशर, स्प्रिंग वॉशर, रंगाचा मार्कर

ॲल्युमिनियमचा ब्रश वेगळा ठेवा. तांबं घासलेल्या ब्रशाने ॲल्युमिनियम घासलं की तांब्याचे कण त्यात रुततात आणि गंज तिथूनच धरतो.

## २. चालू मोटारीवर मोजा, मगच खोला

बहुतेकांचं पहिलं चुकतं ते इथे. पेटी उघडली, जळकं थिंबल दिसलं, बदललं, झालं. पण ते का जळलं, हे मोटार चालू असतानाच कळतं.

मोटार पंधरा-वीस मिनिटं पाणी ओढत असू द्या. मग तिन्ही फेजचे अँपिअर आणि फेजच्या तिन्ही जोड्यांमधलं व्होल्टेज लिहून घ्या. व्होल्टेज डीम असेल तर करंट वाढलेला दिसेल: ४१५ ऐवजी ३४० मिळाले, तर १० अँपिअरची मोटार तेवढ्याच कामाला १२ च्या पुढे जाते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जोडावरची उष्णता जवळपास दीडपट. जास्त भार असलेल्या फीडरच्या शेवटच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) जोड आधी जळतात, ते यामुळे.

मग प्रत्येक जोडावरचा व्होल्ट-ड्रॉप मोजा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक थिंबलाजवळच्या उघड्या वायरीवर, दुसरं त्याच फेजच्या टर्मिनलवर. चांगल्या जोडावर १० अँपिअरला १०-२० मिलिव्होल्ट दिसतात आणि तिन्ही फेजचे आकडे जवळजवळ सारखे असतात. एकावर पाचपट दिसलं, तर दोषी तोच. आकडा १ व्होल्टवर गेला असेल, तर १० अँपिअरला तिथे १० वॉट उष्णता निघतेय. वाटाण्याएवढ्या जागेत छोटं सोल्डरिंग आयर्न पेटवून ठेवल्यासारखं.

> जपून: दोन टोकांमधला फरक मिलिव्होल्टचा असला तरी दोन्ही टोकं पेटीच्या पत्र्याच्या मानाने जिवंतच आहेत. मीटर चुकून ओहमवर राहिलं तर हातात फुटू शकतं. पायात कोरडे बूट, एक हात मागे.

## ३. पुरवठा तोडा, आणि तुटलाय याची खात्री करा

क्रम असा: स्टार्टर बंद, ऑटो स्विच काढलेला, मेन स्विच खाली, किटकॅटचे तिन्ही पूल (फ्यूज तार धरणारे, ओढून निघणारे भाग) काढून स्वतःच्या खिशात.

ऑटोचं विशेष सांगायला हवं. लाईट ठराविक तासांची, त्यात कधी मध्यरात्रीची पाळी, म्हणून बहुतेक पेट्यांत ऑटो असतो: लाईट आली की तो मोटार आपोआप सुरू करतो. लाईट गेलीय म्हणून हात घालणाऱ्याच्या हाताखाली मोटार सुरू होते. लाईट जाणं म्हणजे पुरवठा तोडणं नव्हे.

कपॅसिटर असेल तर दोन-तीन मिनिटं थांबा. मग मल्टिमीटरने फेज ते फेज आणि फेज ते अर्थ असं सहा वेळा तपासा. निऑन टेस्टरवर विसंबू नका. डीपीवर किंवा खांबावर चढायचं काम महावितरणच्या लाईनमनचं आहे, जोड तिथलाच जळत असला तरीही.

## ४. जुना जोड वाचा

फेकण्याआधी जळकं थिंबल उजेडात धरा.

- पांढरी भुकटी: ॲल्युमिनियम थेट तांब्याला किंवा पितळेला टेकलं होतं आणि ओल मिळाली.
- हिरवट थर: तांब्याला ओल लागली. पेटीला खालून भोक आहे का, पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत येतंय का, ते बघा.
- थिंबलाचं तोंड निळसर-काळं, मागचा भाग स्वच्छ: स्क्रूखालचा जोड ढिला होता.
- तोंड स्वच्छ, नळी (वायर आत जाते तो भाग) काळी, इन्सुलेशन मागे पळालेलं: क्रिंपिंग वाईट होतं.

शेवटचे दोन नीट ओळखा. नळीचा दोष असताना स्क्रू कितीही आवळला तरी महिन्याभरात तेच होणार.

नळी करवतीने आडवी कापून बघण्यासारखी असते. नीट दाबलेल्या नळीत तारा एकमेकींत बसून एकसंध, जवळजवळ भरीव दिसतात. पक्कडीने किंवा हातोडीने दाबलेल्या नळीत तारांमध्ये काळ्या फटी दिसतात, आणि कडेच्या दोन-तीन ताराच खऱ्या नळीला टेकलेल्या असतात. सगळा करंट त्यांच्यातून गेलेला असतो.

## ५. थिंबल बसवणं

१. वायर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापा. काळा पडलेला भाग घासून वापरू नका. तो तापून नरम पडलेला असतो.

२. इन्सुलेशन सोलताना तारा तुटू देऊ नका. सात तारांपैकी तीन तुटल्या, तर उरलेल्या चारांपैकी प्रत्येकीतून पावणेदोन पट करंट जातो आणि प्रत्येक तार तिप्पट तापते. थिंबल लहान आहे म्हणून मुद्दाम दोन तारा कापणं, ही सर्रास दिसणारी चूक. मोठ्या थिंबलात वायर दुमडून घालणं, ही तिची बहीण.

३. तांब्याची वायर असेल तर स्वच्छ पुसा आणि सरळ पुढे जा. कथिल चढवलेलं थिंबल काचकागदाने घासू नका. चकाकी यावी म्हणून घासतात, आणि गंजापासून वाचवणारा थरच निघून जातो.

४. ॲल्युमिनियम असेल तर आधी ब्रश, मग ग्रीस, मग ग्रीसमधूनच पुन्हा ब्रश, आणि लगेच थिंबलात. ॲल्युमिनियमला हवा लागताच वीज न वाहू देणारा पापुद्रा चढतो. तो वितळायला २,००० अंशांच्या वर तापमान लागतं. खालचं ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. म्हणून 'तापून आपोआप नीट बसेल' ही आशा ठेवू नका.

५. डाय मापाचाच हवा. दाब पूर्ण होऊन टूल स्वतः सुटेपर्यंत दाबा.

> तपासा: क्रिंप केलेलं थिंबल धरून वायर जोरात ओढा. किंचितही सरकली तर कापा आणि नवं बसवा. सरकलेल्या थिंबलावर दुसरा दाब देऊन भागत नाही.

## ६. आवळणं: वॉशरची जागा

थिंबलाचं तोंड थेट टर्मिनलच्या पट्टीवर टेकलं पाहिजे. त्यावर सपाट वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, वर नट. बऱ्याच पेट्यांत थिंबल आणि पट्टीच्या मध्ये लोखंडी वॉशर सापडतो, बहुधा उंची जुळवायला घातलेला. लोखंडाचा रोध तांब्याच्या पाच-सहा पट. सगळा करंट त्या वॉशरमधून नेण्याचं काही कारण नाही.

स्प्रिंग वॉशर सपाट झाला की थांबा. टर्मिनलवर टॉर्कचा आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. ॲल्युमिनियम मऊ असतं. जास्त आवळलं की ते हळूहळू दाबाखालून सरकतं आणि दोन महिन्यांनी जोड पुन्हा ढिला. शिवाय त्याच उष्णतेला ते तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त फुगतं.

दोन धातू वर-खाली येत असतील तर ॲल्युमिनियम वर, तांबं खाली. तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियमवर पडलं की त्याला खड्डे पडतात.

शेवटी नट आणि पट्टी मिळून मार्करची एक सरळ रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय. पाना लावायचीही गरज नाही.

किटकॅटमध्ये मात्र मापाचीच फ्यूज तार. केबलची काडी घातली, की जळण्याचं काम फ्यूजकडून थिंबलाकडे जातं.

## ७. पाण्यातला केबल जोड

मराठवाड्यात बोअर खोल, म्हणून केबलही लांब. ३०० मीटर अंतरावर १० अँपिअर नेताना २.५ चौरस मिमी तांब्यात सुमारे ३० व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिमीत १२-१३. केबल घेताना 'किती अँपिअर सोसते' एवढंच विचारलं, तर २.५ ची पुरेशी वाटते. अंतरही सांगा.

जोडताना तिन्ही वायरींचे जोड एका रेषेत आणू नका. प्रत्येक जोड पुढच्यापासून बोटभर-दोन बोटं सरकवा. नुसता पीळ घालू नका, मापाची नळी घालून क्रिंप करा. आधी रबराची टेप ताणून, मग वरून पीव्हीसी टेप. उलट क्रमाने गुंडाळली, तर पाणी आत शिरायला वाट राहते.

> तपासा: जोड तासभर बादलीतल्या पाण्यात बुडवा, केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवा, आणि प्रत्येक वायर ते पाणी असं मेगरने मोजा. नव्या जोडाला दहा-वीस मेगाओहम तरी दिसले पाहिजेत. १ मेगाओहमच्या आसपास दिसलं तर सोडून पुन्हा करा. बादलीत मोजायला एक तास लागतो, बोअरमधून वर काढायला अख्खा दिवस आणि चार माणसं.

## ८. निपल, क्लॅम्प आणि बोल्ट

स्टेनलेस स्टीलचा पंप, त्यावर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) निपल, त्यावर जीआय पाईप. दोन धातू, मध्ये पाणी: ही बॅटरीच झाली. जस्त आणि लोखंड झिजणाऱ्या बाजूला, स्टेनलेस वाचणाऱ्या बाजूला. पाण्याला स्वतःचा रोध असतो, म्हणून ही बॅटरी लांबवर पोचत नाही. सगळा करंट पंपाला लागून असलेल्या निपलातून निघतो. पाणी जितकं खारट, तितका तो जास्त.

काढलेलं निपल हातात घेऊन बघा. मधला भाग धड असतो. पंपाकडच्या शेवटच्या तीन-चार आट्यांची धार मात्र गेलेली असते, आणि नखाने खरवडलं तरी काळा चिखल निघतो. आटे पाडताना धातूची जाडी आधीच कमी झालेली, जस्तही निघून गेलेलं. झीज तिथेच येणार.

म्हणून नियम असा: छोटा भाग कधीही झिजणाऱ्या बाजूच्या धातूचा ठेवू नका. जीआय फ्लँजला (पाईप जोडायच्या चकतीला) स्टेनलेस बोल्ट चालतो. झीज मोठ्या फ्लँजवर पसरते. स्टेनलेस फ्लँजला साधा लोखंडी बोल्ट चालत नाही. सगळी झीज बोल्टाच्या वाट्याला. स्टेनलेस दोरीला जीआय क्लॅम्प लावणं, ही याच जातीतली चूक आहे. दोरी शाबूत राहते, क्लॅम्प जातो आणि पंपही जातो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पंपावर स्टेनलेसचं ॲडॅप्टर आणि त्यावर खोलीला साजेसा यूपीव्हीसी किंवा एचडीपीईचा (प्लास्टिकचा) कॉलम पाईप. जीआयच वापरायचा असेल, तर निपल जाड वर्गाचं घ्या आणि पंप वर काढाल तेव्हा दर वेळी बदला. टेफ्लॉन टेपने धातू वेगळे होत नाहीत. आटे ती कापून एकमेकांना टेकतातच.

आणि रंग. फक्त निपलाला रंग दिला, तर झीज थांबण्याऐवजी रंग उडालेल्या टाचणीएवढ्या जागेवर गोळा होते आणि निपल लवकर भोकतं. रंग द्यायचा तर स्टेनलेस बाजूलाही द्या. मोटारीच्या अंगाला मात्र नको, ती पाण्यानेच थंड राहते.

## ९. अर्थिंग

भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणे जीआय पाईप किमान ३८ मिमी आतल्या व्यासाचा आणि २.५ मीटर लांब हवा. फूटभर सळई ठोकून त्याला अर्थिंग म्हणू नका.

जीआय पाईपला जीआय पट्टीच जोडा. तांब्याची वायर गुंडाळून मातीत पुरली, तर ओल्या काळ्या जमिनीत जोडाजवळचं जस्त आधी जातं, मग लोखंड. जोड मातीच्या वर, चेंबरमध्ये, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. मीठ ओतून रोध कमी होतो हे खरं, पण ते पाईपही खातं; बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) बरं. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडल्या की माती पाईपपासून सुटते, तेव्हा आठवड्यातून एकदा चेंबरमध्ये पाणी सोडा.

## १०. सोलर पंप असेल तर

एसी गळतीत करंटची दिशा सेकंदाला पन्नास वेळा उलटून परत येते, म्हणून झीज मामुली. पॅनलकडून कंट्रोलरपर्यंत मात्र डीसी असतो, आणि त्याची दिशा बदलत नाही.

पॉझिटिव्ह केबल उंदराने कुरतडलीय, ती ओल्या मातीत पडलीय आणि १० मिलिअँपिअर गळतोय, असं धरा. ४ चौरस मिमी तांब्याचा एक सेंटिमीटर तुकडा विरघळायला हिशेबाने सुमारे तीस तास लागतात. दिवसाला सहा तास ऊन धरलं तर पाच दिवस. आवरण जवळजवळ अखंड दिसतं, दाबलं की आत हिरवी भुकटी आणि तार गायब. त्याआधी उरलेल्या एक-दोन तारांवर सगळा करंट येऊन तिथे ठिणगीही पडलेली असू शकते.

म्हणून डीसी केबल जमिनीवर पडू देऊ नका, पाईपमधून न्या. कनेक्टर एकाच बनावटीचे जोडीने वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसले तरी आतली पट्टी पूर्ण टेकत नाही.

> जपून: उन्हात चालू पंपाचा कनेक्टर ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, मगच कनेक्टर.

## ११. चालू करून पुन्हा मोजा

पूल परत लावा, मोटार चालवा, पंधरा मिनिटांनी टप्पा २ मधली सगळी मोजणी पुन्हा करा. तिन्ही जोडांचे मिलिव्होल्ट एकसारखे आले पाहिजेत. एक फेज अजूनही जास्त अँपिअर घेत असेल आणि व्होल्टेजही असमान असेल, तर दोष डीपीकडे आहे. तक्रार नोंदवताना हेच आकडे सांगा. व्होल्टेज समान असूनही करंट असमान असेल, तर केबल किंवा मोटारीचं वाइंडिंग बघा.

ॲल्युमिनियमचे जोड पंधरा दिवसांनी पुरवठा तोडून एकदाच बघा, तेही रेघ सरकली असेल तरच आवळा. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, तीन अँपिअर, तीन व्होल्टेज आणि तीन मिलिव्होल्ट लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात वायरमन दुसरा असला तरी कोणता जोड बिघडत चाललाय, ते दार उघडताच दिसेल.